माकडाला सात आंबे

माझ्या आताच्या शाळेतली मुलं माकडाला आंबे देण्यात भलतीच तरबेज आहेत. माजरी या खाणगावची मुलं ती, कोळशाच्या धुळीत वाढलेली, कशाला भीत नाहीत. टॅबलेटवर माकड येतं, "मला सात आंबे दे ना," म्हणतं आणि ही पोरं धडाधड झाडावर बोटं मारतात. आंबा झाडावरून सुटतो तेव्हा 'टप' असा आवाज येतो. तो आवाज सुरू झाला की मी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहते. शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना वाटतं, मला रोज त्याच वेळी नवऱ्याचा फोन येतो. मी त्यांना तसं वाटू देते.

हे अ‍ॅप शाळांमध्ये आलं त्यात थोडा हात माझाही आहे. ते वर्गात चालेल की नाही हे ठरवायला ज्या शिक्षकांना बसवलं होतं त्यांत मी होते, आणि सगळ्यात चांगला निकाल माझ्याच शाळेचा होता. तो निकाल खोटा होता. आजपर्यंत हे मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात होते. अहेरीहून बसनं दीड तास, मग फाट्यावर उतरून जंगलातून अर्धा तास पायी. पहिली ते चौथीची अकरा मुलं, एकच खोली आणि एकटी मी. दुसऱ्या शिक्षकाची जागा माझ्या आधीपासून रिकामी होती आणि ती भरू असं मला कोणी खोटं आश्वासनसुद्धा दिलं नाही, तेवढा प्रामाणिकपणा मानायला हवा. गाव गोंडी बोलणारं. थोडी भातशेती, बाकी सगळं जंगलाच्या भरवशावर: मोह, तेंदू, चारोळी. गावातल्याच एका घराच्या पडवीला कुडाची भिंत घालून मला खोली करून दिली होती.

माझी स्वतःची मुलगी माजरीला माझ्या आईजवळ होती. नवरा खाणीत, शिफ्टची नोकरी. चार वर्षं मी माझ्या मुलीला सुट्ट्यांमध्ये पाहिलं आणि दुसऱ्यांच्या मुलांना रोज. ती फोनवर आधी रडायची, मग रडेनाशी झाली, आणि ते मला जास्त लागलं. त्या वर्षी बदलीच्या यादीत माझं नाव आलं होतं. मी त्या एका नावावर दिवस काढत होते. मे महिन्यात इथून सुटायचं, यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

केंद्रप्रमुख, म्हणजे आमच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, माणूस म्हणून वाईट नव्हते. वरून आलेला कागद खाली द्यायचा आणि खालून आलेला वर, यात त्यांची अर्धी नोकरी संपली होती. एका बैठकीत मी म्हटलं होतं, ही अ‍ॅपं जो कोणी निवडतो त्याला एकदा आमच्या वर्गात आणून बसवा. माझ्या जिभेला हाड नाही हे घरचेही सांगतात. महिन्याभरानं साहेबांचा फोन आला.

"म्याडम, तुमचंच नाव देलं मी. तुमी लय बोलता ना."

अशी ती भानगड माझ्या गळ्यात पडली. तीन टॅबलेट, तीन अ‍ॅपं. प्रत्येक अ‍ॅप दोन आठवडे वर्गात वापरायचं, त्यातच असलेली चाचणी प्रत्येक मुलाकडून करून घ्यायची, आणि शेवटी वीस मुद्द्यांचा तक्ता भरायचा. भाषा सोपी आहे का, चित्रं वयाला साजेशी आहेत का, मूल कंटाळतं का, वगैरे. गावात इंटरनेट नव्हतं, पण त्यानं अडत नव्हतं. निकाल टॅबलेटमध्येच साठत आणि आठवडी बाजाराला मी अहेरीला गेले की तिथल्या स्टँडवर उभ्या उभ्या ते वर निघून जात.

मी ते काम मन लावून केलं, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या अ‍ॅपमध्ये अक्षरं शिकवणारा पोपट होता. मुलानं बरोबर केलं तरी तो "वा, छान!" म्हणे आणि चुकलं तरी "वा, छान!" म्हणे. मी लिहिलं, हा पोपट कशानंही खूश होतो, अशा शिक्षकाला मुलं दोन दिवसांत ओळखतात. दुसऱ्यात गोष्टी होत्या. एका गोष्टीतली मुलगी मॉलमध्ये जाते आणि सरकत्या जिन्यावर चढते. माझ्या मुलांनी गोष्ट सोडली आणि तो जिनाच पुन्हा पुन्हा पाहिला. माणूस उभा आणि पायऱ्या चालतात यावर त्यांचं हसणं थांबेना. मी लिहिलं, जिना उत्तम, गोष्ट वाया. हे तक्ते भरताना मला फार वर्षांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं.

तिसरं अ‍ॅप मला मनापासून आवडलं. आकड्यांचं होतं. घाई नाही, गोंगाट नाही. एक मोठं आंब्याचं झाड, पानं अगदी खरी, खाली टोपली घेऊन बसलेलं माकड. माकड आकडा सांगतं, मुलानं तेवढ्या आंब्यांवर बोट ठेवायचं, आंबे टपटप टोपलीत पडतात, माकड खातं आणि पोट चोळतं. चाचणीत पाच प्रश्न: सात, नऊ, पाच, आठ आणि अकरा. मूल गप्प राहिलं तर माकड डोळ्याला हात लावून रडतं आणि सोपा आकडा देतं.

आमची मुलं मोजणीत कच्ची नव्हती. तेंदूच्या हंगामात ती आईबापासोबत पानांचे पुडके बांधायला बसतात. एका पुडक्यात सत्तर पानं, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिसरीतली एक मुलगी तर माझ्याशी बोलता बोलता, हाताकडे न बघता पानं लावायची, आणि हात थांबला की सत्तर झालेली असत. मी दोनदा तिचा पुडका सोडून मोजून पाहिला होता. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

ही मुलगी गायत्याची नात. गावाची पूजा बांधणारा, कशाला कधी हात लावायचा हे गावाला सांगणारा जो माणूस, त्याला तिथे गायता म्हणतात. त्या वर्षी आंब्याच्या पंडुमाला, म्हणजे सणाला, पहिल्या आंब्यांचं सूप हातात धरून आज्याच्या मागे चालायचा मान तिला मिळणार होता. तिची मोठी बहीण आश्रमशाळेत गेली म्हणून तो तिच्याकडे आला होता. दिवाळीपासून ती मला हे सांगत होती. शाळेतल्या पाट्या ती दोन्ही हातांवर आडव्या धरून वर्गभर हळू हळू चालायची. सराव.

तिसऱ्या अ‍ॅपच्या चाचणीला मी तिलाच आधी बसवलं. वर्गावर छाप पडावी हा हेतू. माकड म्हणालं, "मला सात आंबे दे ना." तिनं पाहिलं, टॅबलेट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. माकड थांबलं, मग रडलं. मुलं खिदळली. माकड म्हणालं, बरं, तीनच दे. मग म्हणालं, एकच दे. ती बसून राहिली. पडद्यावर रिकामी टोपली आली आणि खाली अक्षरं आली, 'अजून सराव हवा'.

दुसऱ्या मुलाला दिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. पहिलीतल्या एका बारक्यानं बोट पुढे केलं तर हिनं त्याचं मनगट हळूच धरलं. अकरा मुलं, अकरा रिकाम्या टोपल्या. माझा पारा चढला.

"सत्तर पानं मोजता येतात अन् सात आंबे नाई येत?"

"येतात," ती म्हणाली.

"मंग दे ना त्याले."

"पंडुम नाई झाला, बाई."

नवं फळ, नवं धान्य, काहीही असो, आधी देवाला आणि घरच्या गेलेल्या माणसांना, मग आपल्याला. तो द्यायचा दिवस म्हणजे पंडुम. आंब्याचा पंडुम होईपर्यंत त्या गावात आंब्याला कोणी हात लावत नाही. तीन वर्षं मी तो पाहिला होता. गावची बाई म्हणून पहिल्या फोडींतली एक मला मिळायची. तरीही ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण माझ्या लेखी ते झाड टॅबलेटमधलं होतं.

"अगं, चित्र हाये ते."

"झाडच तर हाये."

"खोटं झाड हाये."

तिनं यावर विचार केला. ती नेहमी विचार करून बोलायची. मग म्हणाली, "मंग तो पडताना आवाज काऊन येते?"

त्या दिवशी मला या सगळ्याची गंमतच वाटली. असल्या गोष्टी वर कळाव्यात म्हणून तर आम्हाला बसवलंय, असं मनाशी म्हणत मी तक्ता उघडला. मुलाचा निकाल शून्य असेल तर कारण निवडायचं होतं. कारणं चार: टॅबलेट बिघडला, चार्जिंग नव्हतं, मूल गैरहजर, मूलभूत क्षमता प्राप्त नाही. पाचवं नव्हतं. कारण निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं आणि मोकळं लिहायला जागा नव्हती. मी ते पान पाच-सहा वेळा बंद करून पुन्हा उघडलं, जणू मधल्या काळात कोणी पाचवं कारण घालून ठेवणार होतं.

बाजाराच्या दिवशी अहेरीहून साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"मंग काय लिहू म्हणता? अंधश्रद्धा लिहून देऊ वर?"

"नाही हो साहेब. अंधश्रद्धा काऊन लिहाल? पंडुम होईपर्यंत दोन महिने थांबता येते का ते विचारा."

"तक्ता सोमवारी द्याचा हाय. क्षमता प्राप्त नाई करा अन् सोडून द्या."

"त्यांना मोजता येते, साहेब. माझ्यापेक्षा लवकर मोजतात."

मग ते आवाज उतरवून बोलले. "म्याडम, तुमी बदलीच्या यादीत हा. अकराच्या अकरा पोरं शून्यावर असली तर तुमाले कार्यमुक्त कोण करन? मोठे साहेब म्हणतीन, पयले पोरं वर आणा, मंग जा. मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

कार्यमुक्तीचा कागद हातात पडत नाही तोवर यादीतल्या नावाला काही अर्थ नसतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. खरं लिहायला जागा नव्हती, आणि जी जागा होती तिथे मुलांना ढ ठरवून मी स्वतःलाही तिथेच अडकवून घेणार होते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून होते आणि दोन्ही बाजूंनी नुसतं सागाचं जंगल चाललं होतं. चार वर्षांत ते जंगल मला कधी इतकं जवळ आल्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं घरी गेल्यावर मी वर्गाचं दार आतून लावलं. कडी घातली. प्रत्येक मुलानं आपलं एक चित्र निवडलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं की त्याची चाचणी उघडायची. ससा, सूर्य, बैल, मासा. मी एकेकाचं चित्र उघडून आंबे तोडत गेले. सात, नऊ, पाच, आठ, अकरा. सगळ्यांचं सारखं बरोबर आलं तर संशय येईल म्हणून काहींच्या चुका केल्या. पहिलीतल्या बारक्याला अकरा जमू दिले नाहीत. चौथीतल्या एकाला मुद्दाम नऊच्या जागी दहा द्यायला लावले, तो तसाही घाई करायचा. एवढा विचार मी प्रश्नपत्रिका काढतानाही करत नाही.

शेवटी मोर उघडला. तो गायत्याच्या नातीचा. तिच्या नावावर मला चूक करवेना. जिचे सत्तर कधी एकोणसत्तर झाले नाहीत, तिच्या नावानं आठाच्या जागी नऊ कशी देऊ? खोटं लिहीत असतानाही तिच्याबद्दल मला खरंच लिहायचं होतं. पुरे चाळीस आंबे दिले. माकडानं पोट चोळलं, झाडावर चांदणी आली. सगळे मिळून मी त्या दुपारी चारशेच्या वर आंबे तोडले. आवाज बारीक करायचं बटण कुठे असतं हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तक्ता गेला. महिन्याभरानं साहेबांचा फोन आला तो हसतच. तिसरं अ‍ॅप घ्यायचं ठरत होतं आणि आमची शाळा त्यात पहिली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठे साहेब येणार, अ‍ॅपवाली माणसं येणार, व्हिडिओ काढणार. "अन् ते तुमची तिसरीतली पोरगी, मोरवाली. तिचं रेकॉर्ड एकदम फुल्ल. तिच्याच हातानं करून दाखवायचं म्हणतात. प्रमाणपत्र बी छापून राह्यलं तिच्या नावाचं."

मी म्हटलं, दुसरं अ‍ॅप दाखवते, जिना फार छान आहे. ते म्हणाले, जिन्याचं आता काय करायचं? मी म्हटलं, मोरवाली लाजाळू आहे, चौथीतला मुलगा दाखवेल. ते म्हणाले, नाव वर गेलं. त्यांच्या तोंडून 'वर गेलं' हे शब्द आले की पुढे बोलण्यात हशील नसायचं. मी चांगली तोंडघशी पडले होते, फक्त ते अजून कोणाला दिसलेलं नव्हतं.

मग मी गायत्याकडे गेले. अंगणात तो टोपली विणत बसला होता. बाजेवर बसायला दिलं, पाणी दिलं. मी विचारलं, "भाऊ, यंदा पंडुम थोडा आधी होईल का? एप्रिलच्या सुरुवातीला?"

"आंबा भरला नाई ना अजून, बाई. गाव बसन, मंग ठरन. काऊन?"

मी खोटं बोलले. म्हटलं, बदली झाली तर जायच्या आधी पंडुम पाहून जावं म्हणते. त्याला फार बरं वाटलं. त्यानं बायकोला हाक मारून सांगितलं की बाई आपला पंडुम पाहिल्याशिवाय जात नाही म्हणते. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. निघताना त्यानं आठ-दहा आवळे माझ्या ओच्यात टाकले. पंडुम भेटीनंतर आठ दिवसांनी ठरला.

मुलांना भेटीचं सांगणं भाग होतं. शाळा सारवली, पताका लावल्या. दोन दिवस आधी सकाळची शाळा सुटल्यावर मी हातपंपावर बादली भरायला गेले, तर मोरवाली मागून आली आणि न सांगता दांडा मारू लागली.

"बाई, आमी त आंबे नाई तोडले. मंग साहेब काऊन येऊन राह्यले?"

अकरा मुलांत हा प्रश्न तिलाच पडायचा होता. मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "म्या तोडले," मी म्हटलं. "तुमच्या नावानं."

"माह्या बी?"

"हो."

"किती?"

"चाळीस."

"पुरे चाळीस?"

"पुरे."

ती दांडा मारत राहिली. बादली भरून पाणी वाहू लागलं तरी थांबली नाही. मी तिला सगळं सांगितलं, जसं मोठ्या माणसाला सांगावं तसं. तक्ता, चार कारणं, कार्यमुक्ती, माजरी. माझी मुलगी तुझ्याएवढी आहे हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं. ते सांगताना त्याचा काय उपयोग होईल हे मला आतून ठाऊक होतं, म्हणून तर मी ते शेवटी सांगितलं.

"तिले कोण शिकवते?" तिनं विचारलं.

"तिच्या शाळेतल्या बाई."

तिनं मान हलवली आणि बादलीचा एक कान धरला. दोघींनी मिळून बादली माझ्या खोलीपर्यंत नेली. मी तिला कर म्हटलं नाही. नको करू असंही म्हटलं नाही.

भेटीच्या दिवशी दोन गाड्या आल्या. मोठे साहेब, आमचे साहेब, अ‍ॅपची दोन माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. पोरं रांगेत बसली होती, तेल लावून भांग पाडलेली. मोठे साहेब बरे होते, आवाज न चढवता बोलत होते. मोरवालीला त्यांनी खुर्चीवर बसवलं, टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. माकड आलं. "मला सात आंबे दे ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पुष्कळ वेळा मनात तो क्षण आणून त्यात काहीतरी वेगळं करते. कधी पुढे होऊन टॅबलेट उचलते. कधी म्हणते, साहेब, ते आंबे मी तोडले, या मुलांचा पंडुम व्हायचा आहे. मोठ्या साहेबांनी ते ऐकून घेतलंही असतं, तसा तो माणूस दिसत होता. प्रत्यक्षात मी मान हलवली. हो अशी. आपोआप हलली असं म्हणायची सोय मी स्वतःला देत नाही.

माकड रडायच्या आत तिनं बोट उचललं. टप. टप. सात वेळा. मग नऊ. वर्गात दुसरा आवाज नव्हता. मागच्या रांगेतली मुलं तिच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. सोळा झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, "बस, बस, शाब्बास," आणि टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. मुलांनी वाजवल्या नाहीत. कॅमेरावाल्यानं सांगितल्यावर दुसऱ्यांदा वाजवल्या. प्रमाणपत्र तिनं दोन्ही हातांवर आडवं धरून घेतलं, सूप धरतात तसं. मग पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि गाड्या गेल्या.

पुढचे आठ दिवस ती शाळेत आली, पण पाट्या हातावर घेऊन चालली नाही.

पंडुमाच्या सकाळी गाव वेशीबाहेरच्या मोठ्या झाडाखाली जमलं. ढोल होते. गायता पुढे, त्याच्या मागे आंब्यांचं सूप. सूप चौथीतल्या दुसऱ्याच एका मुलीच्या हातात होतं. मी मोरवालीला शोधलं. ती बायकांच्या मागे, मोहाच्या बुंध्याला टेकून उभी होती, नवं लुगडं नेसवलेलं. मी तिच्यापाशी गेले.

"सूप काऊन नाई धरलं?"

"आज्याले सांगितलं म्या. आंबे तोडले म्हणून."

मी विचारलं, "माझं सांगितलं?"

"नाई."

"मग काय सांगितलं?"

"छप्पन," ती म्हणाली. "चाळीस अन् सोळा. माह्याच नावाचे हायेत ना सारे." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "आजा नाई रागावला. यंदा खाचे नाई म्हणे, अन् पुढच्या साली धरशीन म्हणे. तुमी जा, बाई. तुमाले बोलावून राह्यले."

खरंच बोलावत होते. पूजा झाली होती. गायत्यानं पहिला आंबा चिरला होता आणि मानाची फोड पळसाच्या पानावर घेऊन तो गर्दीतून माझ्याकडे येत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला शोधल्याचा आनंद होता. नातीकडे त्यानं एकदा पाहिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पान माझ्यापुढे धरलं.

"घ्या, बाई. तुमी म्हणल्या होत्या ना, पंडुम पाहूनच जाईन."

सगळं गाव बघत होतं. मी खाल्ल्याशिवाय बाकीच्यांना वाटायला सुरुवात होणार नव्हती. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं, तिथे, त्या झाडाखाली, आणि ते सांगायला चार कारणांची यादी नव्हती, हवं तेवढं बोलायला जागा होती. ती मुलगी बुंध्याला टेकून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी नीट खाते की नाही, एवढंच ती पाहत होती.

मी फोड तोंडात घातली. कच्ची होती, आंबट, मीठ लावलेली. चावून गिळली. गायता हसला आणि सूप पुढच्या माणसाकडे गेलं.

कार्यमुक्तीचा कागद त्याच महिन्यात आला.